पाहुण्यांच्या पाण्याचा रकाना

अध्यक्षांच्या मोटरसायकलचा आवाज शाळेच्या फाटकाशी आला आणि मी भिंतीला टेकवलेला तक्ता झटकन उलटा केला. लिहिलेली बाजू भिंतीकडे, कोरी बाजू वर्गाकडे. सातवीच्या वर्गात बावीस मुलं होती आणि बावीसही जणांनी ते पाहिलं. जिनं तो तक्ता केला होता तिनंही पाहिलं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, हातात स्केचपेन होतं, आणि तिनं मान खाली घातली नाही. मला तिचा राग आला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण त्या दिवशी तो चुकीच्या माणसावर आला हे मला तेव्हाही कळत होतं.

अध्यक्ष म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. वर्गातला मोठा टीव्ही त्यांनीच ग्रामपंचायतीच्या मागे लागून आणला. कामरगावची जीप चुकली तर मला स्वतःच्या गाडीवरून फाट्यापर्यंत सोडतात. ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, उद्या साहेब कितीक वाजता येऊन राह्यले?"

"एक वाजता. दीडला तिकडच्या शाळेशी बोलणं सुरू होईल."

"खुर्च्या मी पाठवतो. गावाचं नाव झालं पाह्यजे." मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. "हे काय उलटं ठेवलं?"

"अजून रंगवायचाय," मी म्हणाले.

तक्ता तीन दिवसांपूर्वीच पुरा झाला होता. 'नेहमी खरे बोलावे' हे याच भिंतीवर मी स्वतः ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे.

हे सगळं कसं सुरू झालं ते सांगते. कामरगावहून जीपनं अर्ध्या तासावरच्या या गावात मी अकरा वर्षं शिकवते आहे. दोन वर्षांपूर्वी वाशीमला एक प्रशिक्षण झालं. विषय होता, वर्गात जग आणा. आम्ही शिक्षक अशा ठिकाणी नाक मुरडतच जातो. वर्गात पंखा नाही आणि जग आणा म्हणतात. तीन दिवस उंटावरून शेळ्या हाकणं चाललं, आम्ही शेवटच्या रांगेत बसून शेंगा खाल्ल्या. पण शेवटच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या देशांतल्या शाळांची यादी फिरवली. ज्यांना जोडून घ्यायचंय त्यांनी नाव लिहा म्हणाले. मी लिहिलं. का लिहिलं ते विचारू नका. बहुतेक शेजारच्या बाईनं लिहिलं म्हणून.

आमच्या वाट्याला दक्षिण आफ्रिकेतली एका खेड्यातली शाळा आली. तिथली बाई माझ्याच वयाची निघाली, माझ्यासारखीच घसा बसलेली. आम्ही दर महिन्याला एकदा टीव्हीवर भेटायला लागलो. पहिल्याच खेपेला आमची फजिती झाली. आम्हाला तपासणीची सवय. साहेब येणार म्हटलं की प्रश्न-उत्तरं पाठ करून घ्यायची, क्रमांक घालून. मी तेच केलं, सात इंग्रजी उत्तरं घोकून घेतली. तिकडच्या एका पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही दुपारी काय जेवता? आणि आमच्या बावीस जणांनी एका सुरात उत्तर क्रमांक एक ठणकावलं, आमच्या गावात मारुतीचं एक मंदिर आहे. तिकडे हसू फुटलं. मग ठरलं, आमच्या मुलांनी मराठीत बोलायचं आणि मी मध्ये उभं राहून इंग्रजी करायचं. तिकडचं मराठीत करायचं. माझं इंग्रजी काही फार मोठं नाही, पण त्या खोलीत दुसऱ्या कोणाचं त्याहून मोठं नव्हतं.

त्या देशाचा इतिहास मी मुलांना शिकवला. तिथे एके काळी कातडीच्या रंगावरून माणसांना वेगळं ठेवत. बसायचे बाक वेगळे, बस वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. मी फळ्यावर दोन नळ काढले. वर्ग पेटून उठला. कोणी म्हणालं, "मॅडम, त्यायले लाज नाही वाटे का?" कोणी म्हणालं, "आमी असतो तं नळच तोडला असता." मी खूश झाले. घरी जाताना जीपमध्ये मला वाटलं, आज खरं शिकवणं झालं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मला येते. त्या दिवशी ती आठवली नाही.

यंदा तिकडच्या बाईनं एक उपक्रम सुचवला. आपापल्या शाळेतली कामं कोण करतं, ते पंधरा दिवस मुलांनी टिपायचं. झाडणं, फळा पुसणं, घंटा वाजवणं, पाणी भरणं. रोज ताळ्याच्या खुणा करायच्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मग दोन्ही शाळांनी एकमेकींना तक्ते वाचून दाखवायचे. मला यातून काय निघणार ते आधीच ठाऊक होतं. झाडू मुलींच्या हातात, घंटा मुलांच्या. माझ्या माहेरी भावाचं ताट मी उचलायची, त्याचा डूख माझ्या मनात अजून आहे. मी रकाने आखून दिले, मुलगा आणि मुलगी, दोनच. चार गट केले, एकेका गटाला एकेक काम.

'पाहुण्यांना पाणी देणं' हे काम जिच्या गटाकडे गेलं, ती ही मुलगी. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. वडील मंगरूळपीरला एका दुकानात कामाला, आठवड्यातून एकदा येतात. आई स्वतःचं दोन एकर करते आणि दुसऱ्याकडे मजुरीलाही जाते. मोठी बहीण याच शाळेत माझ्याच हाताखाली शिकली, आता अमरावतीला नर्सिंग करते. ही धाकटी हात वर करत नाही. विचारलं तरच बोलते, आणि बोलली की बरोबरच बोलते. गणितात तिनं माझ्या दोन चुका काढल्या आहेत. तेव्हा मी हसून घेतलं होतं.

तिनं मुलगा-मुलगी हे रकाने केलेच नव्हते. कार्डशीटवर बावीस जणांची नावं एकाखाली एक लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे रेघा. पंधरा दिवसांत शाळेत नऊ वेळा पाहुणे आले. केंद्रप्रमुख, ग्रामसेवक, पोषण आहाराचे तपासनीस, दोनदा अध्यक्ष, असे. नऊ वेळा कोणीतरी ट्रेमध्ये पेले घेऊन गेलं. नऊ रेघा. आणि यादीत आठ नावं अशी होती, ज्यांच्यापुढे शून्य. ती आठही नाल्यापलीकडची होती. तिचं स्वतःचं नाव त्यात.

"हे असं कायले केलं?" मी रागानं तिच्याच बोलीत विचारलं. "मी मुलगा आणि मुलगी सांगितलं होतं ना?"

"तुमी म्हनलं होतं, जे दिसते थे लिवाचं."

"अगं, योगायोग असतो. सहज पाठवलं जातं. जो समोर बसलेला असतो तो जातो."

"मी समोरच बसतो, मॅडम."

आमच्याकडे मुलीही बसतो, जातो असंच बोलतात. ती खरोखरच दुसऱ्या रांगेत, माझ्या टेबलाच्या नाकासमोर बसते. पाणी आण म्हणताना माझं बोट दर वेळी तिच्या डोक्यावरून मागे जात होतं. मागे नाल्याच्या अलीकडच्या मुली बसतात. अकरा वर्षं माझं बोट बरोबर जागेवर जात होतं आणि मला वाटत होतं मी सहज पाठवते आहे.

ते सहज नव्हतं. मला आठवलं. लगेच आठवलं, म्हणजे ते कुठे लांब गेलेलंच नव्हतं.

मी या शाळेत आले त्या पहिल्याच वर्षी समितीचे लोक बैठकीला आले होते. तेव्हाचे अध्यक्ष दुसरे होते, आताचे नुसते सदस्य होते. मी एका मुलीला पाणी द्यायला सांगितलं. तिनं ट्रे पुढे केला. एकानं म्हटलं, आत्ताच चहा झाला. दुसऱ्यानं म्हटलं, तहान नाही. तिसऱ्यानं तर पेला उचलला, तिच्याकडे पाहिलं, विचारलं, कोणाची गं तू? तिनं बापाचं नाव सांगितलं. त्यानं पेला परत ट्रेमध्ये ठेवला. उन्हाळ्याचे दिवस होते, सगळ्यांचे ओठ सुकले होते. ती भरलेला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी तिला म्हटलं, ठेव गं तिथं, जा वर्गात. त्यानंतर मी कोणाशी एक शब्द बोलले नाही. फक्त मनाशी ठरवलं, पुन्हा कुठल्या लेकराचा असा अपमान व्हायला नको. म्हणून नाल्यापलीकडच्या मुलांना पाणी घेऊन पाठवायचंच नाही. याला मी तेव्हा माया समजले. मी परक्या तालुक्यातली असले तरी जन्मानं नाल्याच्या अलीकडचीच आहे, हेही सांगून टाकते.

ट्रे घेऊन उभी राहिलेली ती मुलगी म्हणजे हिची मोठी बहीण.

तक्ता माझ्या हातात आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष येऊन गेले आणि मी तो उलटा केला. ते गेल्यावर मी तिला टेबलापाशी बोलावलं. आवाज शक्य तेवढा गोड केला. म्हटलं, उद्या वेळ कमी आहे. तू झाडण्याच्या गटाचे आकडे वाच. पाण्याचा तक्ता आपण पुढच्या महिन्यात दाखवू. तिनं स्केचपेनचं टोपण लावलं आणि जागेवर गेली.

पाच वाजता मी फाट्यावर जीपची वाट पाहत होते. तिची आई रस्त्यानं आली. कापूस वेचून येत होती, ओटी अजून कमरेला बांधलेली होती.

"मॅडम, थांबा जरा. पोरगी म्हनते, तक्ता वाचू नको म्हनलं तुमी."

"पुढच्या महिन्यात वाचेल ना. उद्या साहेब आहेत, अध्यक्ष आहेत. कोणी तिला टोचून बोललं तर? तिच्या भल्यासाठीच सांगते मी."

"थे उद्या येनार नाही. वाचाचा असन तं येईन म्हनते, नाही तं नाही. अन् मी बी तिले पाठवनार नाही. पुढच्या वर्षी जाचंच आहे कामरगावले, आताच टाकतो तिले तठी."

माझा पारा चढला. "एका तक्त्यासाठी शाळा सोडवता? मी एवढी मेहनत घेते तिच्यावर."

तिनं ओटीची गाठ सोडली, परत बांधली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"माह्या मोठ्या पोरीच्या वक्ती बी तुमी भल्यासाठीच केलं होतं, मॅडम. त्या दिवशी थे घरी आली अन् म्हने, मम्मी, माह्या हाताले वास येते का? मी तिचा हात हुंगून पाह्यला. माय असून मी हुंगून पाह्यला."

धनजकडून येणारी जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी चढले. कामरगावच्या बसथांब्यावर उतरेपर्यंत मी मनात कारणं जमवत राहिले. अध्यक्ष दुखावले तर टीव्ही जाईल, उपक्रम बंद पडेल, तक्रार होईल, बदली होईल. सगळी कारणं खरी होती. पण मला खरी भीती वेगळीच होती. परदेशातल्या शाळेसमोर, साहेबांसमोर, बावीस मुलांसमोर माझं बोट दिसणार होतं. मी चांगली बाई आहे ही जी माझी समजूत होती, ती जाणार होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला तिची जागा रिकामी होती. तिच्या वस्तीतली बाकीची सात मुलं आली होती, पण त्यांतलं एकही माझ्याकडे बघत नव्हतं. अकरा वाजले, साडेअकरा झाले. माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. मधल्या सुटीत कोणाला तरी तिच्या घरी पाठवायला माझं बोट उचललं गेलं आणि मी ते खाली घेतलं. मीच निघाले.

नाला ओलांडून त्या वस्तीत मी दर वर्षी पटनोंदणीला जाते. दारातून नावं लिहून घेते आणि येते. दर घरी पाणी विचारतात. मी दर घरी म्हणते, नको, आत्ताच प्यायले. अकरा वर्षं माझी तहान त्या वस्तीत शिरण्याआधीच भागलेली असते.

ती ओट्यावर वाटीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आई वेचणीला गेलेली. मला पाहून उठली, खाट पुढे ओढली. मी बसले. चालून घसा कोरडा पडला होता. आमच्या भागात घरी वैरी आला तरी आधी पाणी देतात, मग कामाचं बोलतात. तिनं पाणी विचारलं नाही. माठ तिथंच कोपऱ्यात होता, त्याच्यावर उलटा घातलेला पेला मला दिसत होता. ती माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली आणि तिनं पाणी विचारलं नाही. त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते अकरा वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.

"चल शाळेत," मी म्हणाले.

"पुरा वाचू देसान का?"

"हो."

"अन् तुमी पुरं इंग्लिश करसान का? मधलं गाळसान नाही ना?"

हे माझ्या डोक्यात आलं होतं, कबूल करते. ती वाचेल मराठीत, मी इंग्रजी करताना तो रकाना गिळून टाकेन, तिकडच्यांना कळणार नाही आणि हिला समजणार नाही. हे तिनं आधीच ओळखलं होतं.

"नाही गाळणार," मी म्हणाले.

ती चप्पल घालून माझ्या पुढे चालू लागली.

एक वाजता साहेब आले. गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याबरोबर केंद्रप्रमुख, आणि अध्यक्ष. खुर्च्या मांडलेल्या होत्या. टीव्ही चालू होता, मोबाईलचं नेट मी तीनदा तपासलं होतं. पाहुणे बसले. आता पाणी. माठ दाराशी, शेजारी ट्रे, त्यात चार पेले. कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण तक्ता सगळ्यांनी पाहिला होता, आणि बावीसही जण माझ्या हाताकडे बघत होते. मागच्या रांगेतली एक मुलगी सवयीनं अर्धी उठली आणि परत बसली.

मी बोट उचललं. तिच्याकडे केलं. मला वाटलं, हीच वेळ. आता सगळं फिटेल. खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमानही वाटत होता.

"तू दे पाणी," मी म्हणाले.

ती उभी राहिली. अध्यक्षांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले पानी नाही देवाचं, मॅडम. मले तक्ता वाचाचा आहे."

साहेबांनी भुवया उंचावल्या. अध्यक्ष हसले, "पोट्टी चरचरा बोलते." तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सगळ्यांसमोर तिला ट्रे घेऊन उभी करायला निघाले होते. कोण पेला घेईल आणि कोण परत ठेवील, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तिच्या बहिणीवर जे गेलं ते हिच्यावर जाऊ शकलं असतं, आणि या वेळी मी त्याला सुधारणा म्हटलं असतं.

मी स्वतः उठले, पेले भरले, ट्रे फिरवला. साहेबांनी दोन घोट घेतले. अध्यक्षांनी पुरा पेला एका दमात रिकामा केला. माझ्या हातचं होतं ना.

दीड वाजता पडद्यावर तिकडचा वर्ग आला. त्यांनी आधी वाचलं. त्यांच्याकडे झाडण्याचं काम मुलींकडेच निघालं होतं, आमच्यासारखंच. दोन्हीकडे हसू झालं. साहेब खूश दिसले. मग आमचे तीन गट झाले. मग ती उठली, भिंतीपाशी गेली, उलटा तक्ता सरळ केला आणि वाचू लागली. एक वाक्य ती वाचायची, एक मी इंग्रजीत सांगायची.

"आमच्या शाळेत पंधरा दिवसांत नऊ वेळा पाहुणे आले."

मी सांगितलं.

"आमच्या वर्गात नाल्याच्या अलीकडची चौदा मुलं आहेत. पलीकडची आठ आहेत."

मी सांगितलं.

"अलीकडच्या मुलांनी नऊ वेळा पाणी नेलं. पलीकडच्या मुलांनी शून्य वेळा नेलं."

अध्यक्षांची खुर्ची वाजली. केंद्रप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. मी अजून इंग्रजी केलं नव्हतं. ती थांबली होती. पुढचं वाचत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि शून्याचं इंग्रजी त्या वर्गातल्या प्रत्येकाला येत होतं. मी ते म्हटलं.

मग तिकडची एक मुलगी उठली, हिच्याच वयाची. तिनं भरभर एक प्रश्न विचारला. साहेब मोबाईलमध्ये बघत होते. बाकी कोणाला तो कळला नाही. तो फक्त मला कळला. आमचा वर्ग माझ्याकडे बघत राहिला, मॅडम, काय म्हनते थे?

मी काहीही सांगू शकले असते. नाला किती रुंद आहे विचारते, म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन्ही वर्गांच्या मध्ये एकटी मी होते.

"ती विचारते," मी म्हणाले, "की पाणी कोणी न्यायचं, हे ठरवतं कोण?"

एरवी आमची मुलं कुठल्याही प्रश्नाला एका सुरात उत्तर देतात. त्या दिवशी एकही तोंड उघडलं नाही. तिनं तक्त्याकडे पाहिलं, नावांवरून बोट फिरवलं.

"ह्याचं उत्तर माह्या तक्त्यात नाही, मॅडम. थे तुमाले माहीत आहे."

"मी ठरवते," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, मग पडद्याकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाले. "मीच ठरवते. अकरा वर्षं मीच ठरवलं."

तिकडच्या मुलीनं विचारलं, का?

तेव्हा मी पडद्याकडे पाठ केली. वर्गाला ती जुनी गोष्ट सांगितली, भरलेल्या ट्रेची. कोण पाणी प्यायलं नाही ते सांगितलं नाही, कोण गप्प बसलं ते सांगितलं. ते मी होते. सांगताना मी रडले, आणि मुलांसमोर रडल्याची मला लाज वाटली नाही. अध्यक्ष मध्येच उठले. त्या बैठकीत तेही होते. चपलेत पाय घालायला त्यांना बराच वेळ लागला. पडद्यावरचा वर्ग न कळणारी भाषा शेवटपर्यंत ऐकत बसला. मग मी ते सगळं इंग्रजी केलं, जमेल तसं, आणि काही गाळलं नाही.

साहेब जाताना म्हणाले, "विषय नाजूक होता, मॅडम. आधी कळवायला पाहिजे होतं." मी हो म्हटलं. अध्यक्ष त्यानंतर महिनाभर शाळेत फिरकले नाहीत. बदलीचं अजून काही कळलेलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं गेली तरी ती थांबली होती. तक्त्यापुढे गुडघ्यावर बसून काहीतरी लिहीत होती. मी मागे जाऊन उभी राहिले. तिनं पाहुण्यांच्या भेटी नऊच्या दहा केल्या होत्या. बावीस नावांच्या खाली तेविसावं लिहिलं होतं, मॅडम, आणि त्याच्यापुढे एक उभी रेघ मारली होती. तिच्या स्वतःच्या नावापुढचं शून्य तसंच होतं.

"अगं, आज मी तुझ्याकडे बोट केलं होतं की," मी म्हणाले. मला ते कुठेतरी लिहिलेलं हवं होतं.

"बोट केल्याची रेघ नाही मारत, मॅडम," ती म्हणाली. "पानी नेल्याची मारतो."

तिनं पेनचं टोपण लावलं, आणि तक्ता खिळ्याला अडकवला, लिहिलेली बाजू वर्गाकडे करून.